केसरी न झालेला पैलवान

स्नेहसंमेलनाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी प्रश्न आला : खाशाबा जाधव कोणत्या वर्षी महाराष्ट्र केसरी झाले? मी बेधडक १९५४ असं उत्तर लिहिलं आणि तोंडावर पडले. खाशाबा कधीच केसरी नव्हते. मग त्यांच्याविषयी जे वाचलं, ते आपल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे.

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे तालमीची माती घरचीच. कराडच्या टिळक हायस्कूलनंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले.

१९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. खाशाबांनी ५७ किलो गटात ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवायला हातभार लावला.

हिंद केसरी १९५९ मध्ये सुरू झाली, पहिले मानकरी श्रीपती खंचनाळे. महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये, पहिले दिनकर दह्यारी. खाशाबा १९५५ मध्येच पोलीस खात्यात फौजदार झाले होते. शिवाय केसरीचा मान वजनदार मल्लांचा. ५७ किलोच्या माणसाच्या खांद्यावर ती चांदीची गदा कुठून येणार? १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कारही मिळाला तो मरणोत्तरच.

१९९६ मध्ये पेसला ब्राँझ मिळालं तेव्हा आपण दहावीत होतो. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देश ४४ वर्षं थांबला होता, हे पेपरात वाचलं आणि विसरलेही.

प्राचार्यांच्या घराची गोष्ट मात्र आता विसरणार नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या फीला कमी पडलेले पैसे आपल्याच एका बाईंनी दिले होते. पहिला पगार झाल्यावर पाकीट घेऊन कोपरीत त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, पाकीट माझ्याच पर्समध्ये परत ठेवलं आणि पुढच्या वर्षी कुणाला तरी लागतील म्हणाल्या. लागले. तेव्हापासून ते पाकीट दरवर्षी कुणाकडे तरी जातं. नाव छापायचं नाही, अशी बाईंची ताकीद आहे.