क्षणजीवी कीटकाचे चरित्रकार

वडवणीसारख्या गावात पावसाळ्याच्या सायंकाळी दिव्याभोवती कीटक जमतात. जवळ ओढा किंवा तलाव असेल, तर त्यांत मेफ्लाय हा नाजूक कीटकही आढळतो. त्याचे पिल्लू पाण्यात कित्येक महिने वाढते. परंतु पंख फुटल्यावर तो अन्न घेत नाही आणि एक-दोन दिवसांतच मरतो.

ह्या कीटकाचे जीवन उलगडणारे यान स्वामरडाम १६३७ मध्ये हॉलंडातील ॲमस्टरडॅम शहरी जन्मले. १६६७ मध्ये ते वैद्यकाचे पदवीधर झाले. पण त्यांचे मन कीटकांतच रमले. मुलगा वैद्यकी करीत नाही, हे पाहून वडिलांनी द्रव्यसाहाय्य थांबविले. तरीही स्वामरडाम भर उन्हात बसून भिंगाखाली कीटकांचे अवयव न्याहाळीत राहिले.

कीटक चिखलातून आपोआप उपजतात, असा त्या काळी समज होता. मेफ्लायच्या पिल्लाच्या कातडीखाली पंख वाढत असतात, हे स्वामरडाम यांनी दाखविले. पाण्यातला जीव आणि हवेतला कीटक एकच ठरला! वाढीच्या रीतीवरून त्यांनी १६६९ मध्ये कीटकांचे चार वर्ग केले. मेफ्लायवरील त्यांचा ग्रंथ १६७५ मध्ये निघाला.

१६८० मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांचे अप्रकाशित लेखन १७३७ पासून छापले गेले. पुढे उत्क्रांतीचा विचार रूढ झाला, तेव्हा पाठीवर पंख दुमडता न येणारे मेफ्लाय आणि चतुर हे अतिप्राचीन पंखधारी कीटकांचे वंशज म्हणून ओळखले जाऊ लागले. मात्र कीटकांचे नाते त्यांच्या वाढीतून शोधण्याची वाट स्वामरडाम यांनीच दाखविली होती.