गल्लीबोळांचे वैद्य : सर पॅट्रिक गेडीस

शहर सुधारायचे म्हटले की पहिला घाव बहुधा गरिबाच्या घरावर पडतो. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली जाते आणि तिच्याखाली आलेली घरे, विहिरी, देवळे जमीनदोस्त होतात. या रीतीविरुद्ध हिंदुस्थानात सुमारे दहा वर्षे झगडलेल्या एका स्कॉटिश विद्वानाची ओळख आज करून घेऊ.

पॅट्रिक गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. त्यांचा मूळ विषय वनस्पतिशास्त्र. झाडासारखेच गावही आपल्या मातीतून वाढते, अशी त्यांची दृष्टी बनली. १८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे जोडपे एडिंबरोच्या जुन्या, कळकट वस्तीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी अंगणे झाडली, भिंतींना चुना लावला आणि पडीक जागेत बागा केल्या.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे सामान आणणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. गेडीस खचले नाहीत. नवे नकाशे व चित्रे जमवून त्यांनी प्रदर्शन भरविलेच.

पुढे ते शहराशहरांतून पायी हिंडले. आधी वस्तीचे निदान, मग उपचार, हा त्यांचा नियम होता. भोसले राजांच्या तंजावरात किल्ल्यातील दाट वस्तीतून सरळ रस्ते काढण्याचा बेत होता. गेडीस यांनी तेथील बोळ तपासले व दाखवून दिले की मोडकळीस आलेली थोडीच घरे काढली आणि मोकळ्या जागा जोडल्या, तर हवा, उजेड व वाट तिन्ही मिळतात. खर्चही पुष्कळच कमी. घर गमावलेली माणसे शेजारच्या बोळात दाटी करतात, म्हणजे रोग बरा न होता नुसता जागा बदलतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला. पत्नी हिंदुस्थानातच आजारी होत्या. ती वार्ता त्यांच्यापासून लपवावी लागली आणि जूनमध्ये त्याही गेल्या. तरी गेडीस यांनी काम सोडले नाही.

होळकरांच्या इंदुरात प्लेगची दहशत होती. नकाशे घेऊन हिंडणारा हा साहेब घरे पाडणार, या भीतीने बायकामुले त्यांना टाळीत. तेव्हा त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची युक्ती काढली. ज्या वस्त्या घरे स्वच्छ व दुरुस्त करतील, त्यांच्याच रस्त्यांनी मिरवणूक जाईल, अशी दवंडी पिटली गेली. लोकांनी चढाओढीने सफाई केली. मिरवणुकीत झाडूवाल्यांना शुभ्र वस्त्रे व हार घालून मानाने चालविले आणि प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा जाळला. त्यांचा इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. दारातली निगा राखलेली तुळस हे नीटनेटक्या घराचे लक्षण आहे, हेही या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यात नोंदविले.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच शिफारशीने विलायतेस शिकावयास गेले व पुढे त्याच विभागाचे प्रमुख झाले. १९२५ साली गेडीस यांनी तेल अवीवचा आराखडा केला. १९३२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या हिंदुस्थानातील बऱ्याचशा सूचना कागदावरच राहिल्या. इंजिनियरांना रुंद, सरळ रस्ते प्रिय होते आणि बोळाबोळांतून हिंडण्याइतका वेळ फार थोड्यांपाशी होता. पण वाचकहो, आपल्या गल्लीतील कोणते झाड, कोणती विहीर, कोणती मोकळी जागा राखायला हवी, हे तिथे राहणाऱ्यांना जितके ठाऊक असते तितके नकाशाला नसते. तेव्हा रेघ ओढली जाण्याआधी ते सांगावयास आपण पुढे व्हायला नको का?