सावित्रीबाईंनी उघडलेले दार

सावित्रीबाई फुले म्हटले की मुलींची शाळा आठवते. मला मात्र त्यांच्या दुसऱ्या एका कामाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत, कारण त्याबद्दल आपण बायका एकमेकींतही बोलत नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. नवव्या वर्षी जोतीरावांशी लग्न झाले. नवऱ्याकडून त्या शिकल्या आणि १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यातील शाळेत मुलींना शिकवू लागल्या. वाटेत लोक अंगावर शेण फेकीत, तरी त्यांनी शाळा सोडली नाही.

त्या काळी पांढरपेशा घरांत लहानपणी विधवा झालेल्या मुलीचे पुन्हा लग्न होत नसे. घरातल्याच कोणाकडून तिला दिवस गेले, तरी दोष तिचाच. मग कोणी गावठी औषधाने गर्भ पाडी, कोणी विहीर जवळ करी. १८६३ साली फुले पतिपत्नींनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तेथे गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे. त्यांची देखभाल सावित्रीबाई करीत. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.

अडलेल्या बाईला औषधाइतकाच आडोसा हवा आणि टोचून न बोलणारे माणूस हवे, हे त्यांनी ओळखले होते.

भगिनींनो, १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. कायद्यात बसणारे कारण असेल, तर मान्यताप्राप्त डॉक्टर सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्यांनी किंवा छोट्या उपचाराने मोकळे करतात. बहुधा बाई त्याच दिवशी घरी येते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तरीही लाजेपोटी काही जणी दुकानातून परस्पर गोळ्या आणवतात. दिवस किती गेले, गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे दुकानदार कसे सांगणार? फार अंगावर जाऊ लागले, ताप आला किंवा पोटात असह्य दुखू लागले, तर तडक दवाखाना गाठावा.

मी सातवी शिकलेली, डॉक्टरी मला येत नाही. पण शेजारणीबरोबर दवाखान्यात जाऊन बाकावर बसता येते, आणि परत आल्यावर तोंड मिटून ठेवता येते. एवढे आपण प्रत्येकीने करावे.