गळ टाकणारा डॉक्टर

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली, त्यानिमित्त स्मरणिकेत सेवेवर काहीतरी लिहा असे मंडळींनी आम्हाला सांगितले. शिक्षण चौथी, हातात नांगर नाहीतर वीणा. लेखणीची सवय नाही, सांभाळून घ्यावे.

पुंडलिकाची सेवा आपण जाणतोच. आम्ही दुसऱ्याच एकाची गोष्ट सांगणार आहोत. नातीने वाचनालयातून त्याचे मराठी पुस्तक आणले होते, ते आम्ही दोन पावसाळे पुरवून वाचले. रशिया देशातला डॉक्टर, अंतोन चेखव. जगभर लोक त्याला गोष्टी लिहिणारा, नाटकं लिहिणारा म्हणून ओळखतात. धर्माने ख्रिस्ती, त्यातही देवाधर्मावरचा विश्वास उडालेला. आणि मासे धरायचा नाद. आता माळकऱ्याने माशाची गोष्ट सांगावी का, असे आमच्याच फडातल्या एकाने विचारले. आम्ही म्हटलं, मासा बाजूला ठेवू, माणूस बघू. पण मासाही सुटत नाही, तो येतोच.

हा १८६० साली तागानरोग नावाच्या बंदराच्या गावी जन्मला. आजा जमीनदाराच्या मालकीचा वेठीचा शेतकरी. तिकडे तेव्हा जमिनीबरोबर माणसंही विकली जायची. त्या आज्याने पैपैसा साठवून १८४१ साली साडेतीन हजार रुबल भरले आणि घरादाराची सुटका करून घेतली. बाप पावेल वाणसामानाचं दुकान चालवायचा. पाच पोरगे, एक पोरगी, अंतोन तिसरा.

बाप देवभोळा आणि मारकुटा. त्याने गावातल्या लोहारांना जमवून चर्चमध्ये गाणाऱ्यांचा संच केला होता. लोहारांचे गळे जाड, म्हणून वरच्या सुराला ही तीन मोठी पोरं. रात्री तालीम, पहाटे काळोखात उठवून चर्चमध्ये उभं करायचं. चुकलं की मार. दिवसभर शाळा आणि दुकान. पोरांना सुख एवढंच की वेळ मिळाला की बंदरावर जाऊन गळ टाकून बसायचं.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमचे वडीलही असेच. काकड्याला हाताला धरून ओढत न्यायचे, टाळ चुकला की पाठीत बसायचा. चौथीनंतर शाळा बंद केली ती त्यांनीच. आम्ही सतराव्या वर्षी घर सोडून मुंबईला गेलो, दोन वर्षे घरी पत्र टाकलं नाही. ते असो.

१८७६ साली चेखवाच्या बापाचं दिवाळं निघालं. देणेकऱ्यांच्या भीतीने तो मॉस्कोला पळाला, मागोमाग बाकीचे गेले. घर दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. सोळा वर्षांचा अंतोन एकटा शाळेसाठी मागे राहिला, आणि राहिला कुठे, तर त्याच घरात, नव्या मालकाच्या पुतण्याला शिकवण्याच्या बोलीवर. शिकवण्या करायच्या, उरलंसुरलं घरसामान विकायचं आणि पैसे मॉस्कोला आईकडे पाठवायचे. तीन वर्षे असं काढलं. १८७९ साली तो मॉस्कोत डॉक्टरकी शिकायला गेला आणि बाप जिवंत असताना घराचा कर्ता झाला. रात्री मासिकांना विनोदी गोष्टी लिहायच्या, त्या पैशावर चूल पेटायची. १८८४ साली डॉक्टर झाला आणि त्याच साली खोकल्यातून रक्त पडलं. क्षयाच्या रोग्यांना तपासणारा, त्याला ते कळलं नसेल असं कसं म्हणावं? पण स्वतःला तपासून घ्यायला त्याने वर्षानुवर्षे टाळलं.

उन्हाळ्यात सगळ्या घराला घेऊन तो नदीकाठच्या गावी राहायला जाई. पहाटे गळ घेऊन पाण्याकाठी. तासन्‌तास बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. मधला भाऊ निकोलाय चित्रकार, दारूने आणि क्षयाने खचलेला. १८८९ साली नदीकाठच्या अशाच एका मुक्कामी तो गेला. पुढच्या साली हा डॉक्टर साखालीन बेटावर गेला. तिथे कैदी पाठवत. तीन महिने झोपडी-झोपडी फिरून त्याने सुमारे दहा हजार माणसांची टिपणं एकट्याने केली.

१८९२ साली मॉस्कोच्या दक्षिणेला मेलिखोवो गावी त्याने जमीन घेतली, आपल्या मापाने पावणेसहाशे एकरांच्या आसपास. घर पडीक, कर्ज डोक्यावर. त्याने झाडं लावली आणि घराजवळ तळं खणून त्यात मासे सोडले. आईबाप, बहीण, सगळे तिथे आणले. बापाला वेगळी खोली. तिथे म्हातारा देवाच्या तसबिरींपुढे धूप जाळून स्तोत्रं म्हणायचा आणि रोज वहीत पाऊसपाणी लिहायचा. ज्या गाण्यापायी लहानपणी मार खाल्ला, तेच गाणं आता लेकाच्या छपराखाली चालू. लेकाने अडवलं नाही. उलट पहिल्याच वर्षी ईस्टरच्या सणाला गावच्या चर्चला पाद्री नव्हता, तर बाहेरून पाद्री आणवला आणि गाणारे घरचेच उभे राहिले. डॉक्टरही गायला. विश्वास उडालेला माणूस, तरी गावाचा सण मोडू दिला नाही.

त्याच साली पटकीची साथ आली. आपल्या जुन्या वारकऱ्यांना पटकी सांगायला नको. टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात जाऊ देत नसत, ते दिवस आम्ही वडिलांकडून ऐकले आहेत. या डॉक्टराकडे २५ गावं, ४ कारखाने आणि १ मठ आला. पगार घेतला नाही. औषधं आणि रोग्यांसाठी छपऱ्या उभारायला श्रीमंतांच्या दारोदार फिरून पैसे मागितले. त्याच्या हद्दीत पटकी शिरली नाही, पण एरवीचे आजारी रोज पहाटेपासून दारात. तो घरी असला की घरावर निशाण चढे. ते बघून आसपासची माणसं येत. पताका म्हणा ना! गावांत तीन शाळाही बांधल्या. त्या धावपळीत गळ बराच काळ भिंतीला टेकून राहिला असणार.

१८९८ साली बाप शस्त्रक्रियेनंतर वारला. अंतोन तेव्हा तब्येतीपायी दूर समुद्रकाठी याल्टा गावी होता, अखेरची भेट नाही. पुढच्या साली मेलिखोवो विकलं. इथे आम्हाला आमचं आठवतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही घरी होतो, पाय चेपत होतो, पण मनातली अढी तशीच. शेवटच्या दिवसांत त्यांनी टाळ मागितला. आम्ही उद्या देतो म्हणालो. तो उद्या आला नाही.

१९०१ साली त्याने ओल्गा नावाच्या नटीशी लग्न केलं. पुढच्या उन्हाळ्यात मॉस्कोजवळच्या नदीवर मित्राच्या घरी राहिला आणि दिवसचे दिवस गळ टाकून बसला. फुप्फुसं संपत आली होती. १९०४ च्या जुलैमध्ये जर्मनीत तो गेला, वय ४४. मृतदेह मॉस्कोला आणला तो रेल्वेच्या थंड डब्यातून, आणि त्या डब्यावर लिहिलेलं होतं समुद्रातल्या कालवांसाठी. मासे धरणाऱ्याला शेवटी गाडीसुद्धा तीच मिळाली.

आई अजून होती. मॉस्कोत त्याला पुरलं ते बाप पावेलच्या शेजारी.