डॉ. द्वारकानाथ कोटणीस

इल्मसाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, असे आपले बुजुर्ग मुलांना सांगत आले आहेत. सोलापूरचा एक तरुण खरोखरच चीनला गेला. पण इल्म घेण्यासाठी नव्हे, मिळवलेले इल्म तिथल्या जखमींच्या कामी लावण्यासाठी.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात, मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले.

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. जखमींना डॉक्टर मिळेनात, औषधे मिळेनात. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. आपला देश तेव्हा स्वतःच गुलामीत होता. मदत पाठवील असे सरकार आपल्या हाती नव्हते. म्हणून काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेलाच आवाहन केले. जुलै १९३८ मध्ये चीन दिन पाळण्यात आला आणि लोकवर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये जमले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस असे पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले.

तिकडे असतानाच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. तरी ते परतले नाहीत. ते चिनी भाषा लिहायला-बोलायला शिकले आणि त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. बेथून हे कॅनडाचे डॉक्टर. त्यांनीही चीनमध्येच सेवा करताना प्राण ठेवला होता. त्याच वर्षी कोटणीसांनी तेथील परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. मुलाचे नाव यिनह्वा ठेवले. त्यात भारत आणि चीन या दोन्ही देशांची नावे आहेत.

अतिश्रमाने प्रकृती खालावली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पानिपतचे ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी तिच्यावर चित्रपट काढला.

पुढे १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले. सरकारांचे संबंध बिघडले, पण चीनमधील कोटणीसांची कबर आणि पुतळा यांचा मान कमी झाला नाही. सोलापुरातील त्यांचे घरही आज स्मारक म्हणून जपले आहे. सामान्य माणसांनी वर्गणी काढून जोडलेले नाते असे टिकते.

आपल्या मुलाने, मुलीने डॉक्टर व्हावे असे पिंप्राळ्यातील अनेक पालकांना वाटते. ही इच्छा चांगलीच आहे. पण विद्यार्थी मित्रहो, पदवी हाती आल्यावर दारात येणारा रुग्ण आपला की परका, हा प्रश्न कोटणीसांनी कधी विचारला नाही. तुम्हीही तो विचारू नका.