फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि रुग्णालयांचे मृत्युदर

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर हातात दिवा घेतलेली परिचारिका उभी राहते. पण त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे आकड्यांच्या तक्त्यांवर गेली. एखाद्या रुग्णालयाचा मृत्युदर वाचून तुम्ही कधी घाबरला असाल, तर त्यांची ही बाजू तुमच्या उपयोगाची आहे.

जन्म १२ मे १८२० चा, श्रीमंत इंग्रज घराण्यातला. घरच्यांचा विरोध पत्करून त्या रुग्णसेवेत आल्या आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्या हिवाळ्यात सैनिक जखमांपेक्षा जुलाब, कॉलरा आणि तापानेच जास्त दगावले. मार्च १८५५ नंतर सरकारी आयोगाने तिथली गटारे साफ करवली, हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. मायदेशी परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने ही आकडेवारी मांडली. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

पुढे त्यांनी नागरी रुग्णालयांकडे मोर्चा वळवला. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवत असे, त्यामुळे तुलना कशी करणार? १८६० मध्ये त्यांनी सर्वांसाठी एकच नोंदपद्धत सुचवली. मग १८६३ मध्ये, रुग्णालयांवरील त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत, फार यांनी काढलेले आकडे छापले गेले. लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर होता ९०.८४ टक्के!

दचकलात ना? तेव्हाचे डॉक्टरही दचकले, आणि चिडले. हिशोब असा होता: वर्षभरातले मृत्यू ३,८२८, भागिले एका ठरावीक दिवशी दाखल असलेले रुग्ण ४,२१४. आता समजा, एका रुग्णालयात १०० खाटा आहेत आणि वर्षात १,००० रुग्ण येऊन जातात. त्यांतले ९० दगावले, तर खाटांच्या हिशोबाने ९० टक्के आणि रुग्णांच्या हिशोबाने ९ टक्के. जिथे रुग्ण लवकर घरी जातात, ते रुग्णालय पहिल्या हिशोबात उगाच वाईट दिसते. शिवाय गंभीर रुग्ण मोठ्या शहरातच जास्त येतात, हा डॉक्टरांचा आक्षेपही रास्त होता. माझ्या मते या वादात डॉक्टरांची बाजू बरीचशी बरोबर होती.

पण पूर्ण नाही. फक्त रुग्णालयात झालेले मृत्यू मोजले, तर अत्यवस्थ रुग्णाला घरी पाठवूनही दर कमी दाखवता येतो. म्हणूनच आज अनेक देशांत दाखल झाल्यापासून किंवा शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांतले मृत्यू मोजतात, मग रुग्ण कुठेही असो. वय, मधुमेह, हृदयविकार आणि आजाराची तीव्रता पाहून अशा रुग्णांत किती मृत्यू अपेक्षित होते हे काढतात आणि प्रत्यक्ष मृत्यूंशी त्याची तुलना करतात. तेव्हा जाहिरातीत टक्केवारी दिसली की खुशाल विचारा: भागिले कशाने? रुग्ण कसे होते? आणि एकूण किती होते? वीस रुग्णांत एक मृत्यू कमी-जास्त झाला, तर दर पाच टक्क्यांनी हलतो.

नाइटिंगेल यांनी हाच काटा स्वतःच्या कामालाही लावला. त्यांच्या नावाच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात एक प्रसूती वॉर्ड सुरू झाला होता. सुईणींचे प्रशिक्षणही तिथेच चाले. तिथे बाळंतज्वराने बायका दगावू लागल्या. ७८० प्रसूतींत २६ मृत्यू, म्हणजे हजारामागे ३३. देशातले एकूण प्रमाण सुमारे ५ होते. १८६७ मध्ये वॉर्ड बंद करण्यात आला. मग त्यांनी ठिकठिकाणचे आकडे जमवायला घेतले, घरच्या बाळंतपणांचेसुद्धा. १८७१ मध्ये प्रसूतिगृहांवर त्यांचे पुस्तक निघाले. त्यात दुसऱ्यांच्या रुग्णालयांबरोबर आपल्या बंद पडलेल्या वॉर्डचा हिशोबही त्यांनी छापला.