हाफकिन, माझी आजी आणि एक मेसेज

आधीच सांगून टाकतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी लिहिलं ते फक्त परीक्षेत. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

मी रावेरचा. मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्या लोकांना कोरोनाची लस सुरू झाली तेव्हा मी दहावीत होतो. आजीला वाचता येत नाही, तिचा मोबाईल मीच वाचायचो. लस घेतली की माणूस जातो, असा एक मेसेज आला. तोही मीच वाचून दाखवला, हसत हसत. आजीने लस घेतली नाही. एप्रिलमध्ये तिला कोरोना झाला. बारा दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली, पण आजही धाब्यावर चढताना मध्येच थांबून दम घेते.

गेल्या वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिटला मुंबईला गेलो होतो. परळला ‘हाफकिन’ अशी पाटी दिसली. असेल कोणीतरी इंग्रज साहेब, असं वाटलं. हॉस्टेलवर येऊन वाचायला बसलो आणि त्या रात्री सबमिशन राहूनच गेलं.

वाल्देमार हाफकिन इंग्रज नव्हतेच. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसाला, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आता युक्रेनमध्ये आहे. ज्यू म्हणून तिथे पुढे जाता येईना. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले ते लायब्ररीतल्या नोकरीवर! १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लोक लस घ्यायला घाबरत होते. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर आधी आपल्या अंगावर सुई घेतली. मग लोक पुढे आले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली, मागोमाग प्लेगही गेला. गाव रिकामं करून लोक शेतात झोपड्या घालून राहायचे, हे आजीने तिच्या सासूकडून ऐकलंय. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा आणला. (२०२० मध्ये कोरोनाला लावला तोच!) घरात शिरून झडत्या, माणसं उचलून नेणं... लोकांना रोगापेक्षा दवाखान्याची धास्ती बसली. पुण्यात तर त्याच जूनमध्ये चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या.

त्याच काळात हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत काम करत होते. मदतीला एक क्लार्क आणि तीन शिपाई, बस्स. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला ती त्यांनी स्वतःला टोचली, ताप अंगावर काढला. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी आपणहून तयार झाले त्यांना दिली. आगाखानांनी स्वतः लस घेतली, तेव्हा खोजा समाजातले हजारो लोक आले. कुणावर जबरदस्ती करावी लागली नाही.

आणि मग १९०२. पंजाबात मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला, नोकरी गेली. खरं तर बाटली उघडताना तिथल्या माणसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. मधली पाच वर्षं कोण परत देणार? तरी ते पुन्हा कलकत्त्याला येऊन कामाला लागले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० साली लोझानला ते वारले.

जानेवारी २०२२ मध्ये १५ ते १८ वयाच्या मुलांना लस सुरू झाली. आजी हट्टाने माझ्याबरोबर आली आणि समोर बसून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून लस घेतली. तेव्हा मला हाफकिन हे नावही माहीत नव्हतं.

आपल्या हॉस्टेलच्या ग्रुपवर रोज काय काय येतं. फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा, की हे सांगणाऱ्याने स्वतःच्या अंगावर काही घेतलंय का? मी तेव्हा बघितलं नव्हतं.